चांद्या आभाळात गेला त्याचा खुलासा

हिंगोली, २० मे २००३

तीर्थरूप धर्मसिंगमामांना रणजीतचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांची सूज आणि मामींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल.

'म्हातारा चांद्या विकून पेरणीआधी नवा बैल घ्यावा म्हणलं, तर भाच्याच्या पुस्तकापायी विकताच येऊन न्हाई राहिला,' असा तुमचा निरोप पोचला. मामा, 'आभाळतांडा' ही लेकरांसाठी लिहिलेली जादूची गोष्ट आहे. (पाच भाग झाले. माझ्या शाळेतले बाकीचे मास्तर अजून विचारतात, "सर, रिकामपण लई हाय का?") आपले वाडवडील बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे, माझा तांडा आभाळातून हिंडतो. गोणीला भोक पडून सांडलेलं मीठ म्हणजे चांदण्या. लिहिता लिहिता मीही त्या वाटेला लागतो. खाली कयाधू दोऱ्याएवढी दिसते, घुंगरं वाजत असतात, आणि वर्गातली पोरं फळ्यावरचा माझा अर्धवट भागाकार बघत बसलेली असतात.

तांड्याच्या पुढे चालणारा बैल तुमच्या चांद्यावरून घेतला, हे कबूल. कपाळावरचा पांढरा चांद, मोडकं डावं शिंग, सगळं बराबर तेच. पाचव्या भागात तो थकतो आणि तांडा त्याला देवाच्या नावानं मोकळा सोडतो, एवढंच मी लिहिलं. आता तुमच्या लेकीनं, रुपानं, ते लिंबाखाली मोठ्यानं वाचावं, आणि आपल्या तांड्याचे मुखिया वसराम नाईकांनी "देवाला सोडलेला बैल इकायचा न्हाई, त्याच्यावर ओझं बी टाकायचं न्हाई, आपली रीतच हाय" असा निवाडा द्यावा, यात लेखकाचा काय दोष? बाळापूरच्या बाजाराला निघालात तर बाया कुंकवाचे करंडे घेऊन वाटेत उभ्या. (चांद्यानं एकीचा पदर खाल्ला म्हणे. तिनं तोही आशीर्वाद मानला.) तुम्हाला बैलासकट माघारी यावं लागलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लोक छापलेलं खरं मानतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. चांद्याला ठेवायचं की विकायचं, हा तुमच्या घरचा प्रश्न. मी त्यात पडणार नाही.

तुमचा भाचा,
रणजीत

ता. क. : स्वप्नात नव्हतं हे खोटं आहे. तुम्ही चांद्याला बाजार दाखवणार हे रुपानं रडत रडत पत्रात कळवलं, म्हणून तर पाचवा भाग पंधरा दिवसांत लिहिला. वसराम नाईक बसलेले असतानाच वाच, असंही तिला मीच बजावलं होतं. मामा, त्याला विकू नका हो.

पुन्हा ता. क. : पेरणीला जोडी लागते, हे खरंच. जून लागताच मी येतो. जुवाची मोकळी बाजू मला द्या. फक्त रुपाच्या देखत जुंपू नका. तिच्या लेखी मी अजून मोठा लेखक आहे.