बेणणी

२२ जुलै

प्रिय मृणाल,

परवा फोनवर मी नुसतं 'ये, ये' म्हणालो आणि ठेवून दिला, त्याचा राग मानू नकोस. तुझी काकू तुळशी शेजारीच बसली होती, आणि आमच्या घरात फोन स्पीकरवरच असतो. पत्र मात्र तिला वाचता येत नाही. हल्ली तर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, माणसं आवाजावरून ओळखते. म्हणून हा सातवी पास म्हातारा पेन घेऊन बसलाय. चुका काढू नकोस, विनेश काढायचा तेवढ्या पुरे.

विनेशची काचेची टाकी अजून ओटीवरच आहे. पहिल्यांदा त्याने खालच्या खाचरातून ते लाल तण आणून टाकीत लावलं, तेव्हा मी किती हसलो होतो! लोक मासे पाळतात, आमच्या चिरंजीवांनी गवत पाळलं. तू मात्र अलिबागहून कॉलेज सुटल्यावर स्कूटर घेऊन आलीस, काचेला नाक लावून तासभर बसलीस आणि म्हणालीस, अशी तांबडी, बारीक पानांची जात पुस्तकातसुद्धा पाहिली नाही. पोरगा काय फुलला होता त्या दिवशी! ते रोपामुळे की तुझ्यामुळे, हे मी कधी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

ते जगवायला त्याने काय काय केलं ते तुला ठाऊकच आहे. विहिरीचं पाणी मचूळ, ते रोपाला मानवेना, म्हणून पागोळ्यांचं पाणी पिंपात धरायचा. शेंडे खुडायचा आणि चिमट्याने एकेक काडी रोवायचा, मध्ये बोटभर जागा सोडून. तुळशी म्हणायची, मेल्या, शेतात लावनीला येत न्हाय नि हितं लावनी करतोस व्हय? मग तीही शिकली.

खाचर मी विकलं. दसऱ्यानंतर भराव पडणार होता. त्याआधी हाताला लागतील तेवढी रोपं काढतो म्हणून तो गेल्या ऑगस्टात दोन दिवस गुडघाभर पाण्यात उभा राहिला. पायाला पत्रा लागलेला होता. ताप आला तेव्हा मीच म्हणालो, भिजलायस, गोळी घे आणि झोप. डॉक्टरांनी लेप्टोचं, साचल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या तापाचं, नाव काढलं ते पाचव्या दिवशी, आणि सातव्या दिवशी विनेश गेला. त्यावरून मला कुणी एक शब्द बोललं नाही, तूही नाही. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

खाचरावर आता बंगला आहे. तू भोवतालची सगळी शेतं धुंडाळलीस, तरी ते तण कुठे सापडलं नाही. उरलं ते फक्त आमच्या टाकीत, तुळशीच्या हाताखाली.

होळीनंतर तुळशी चार दिवस काशीदला बहिणीकडे गेली. टाकी फार माजली होती. म्हटलं, ती यायच्या आत साफ करून ठेवू, तेवढंच तिला बरं वाटेल. सदरा काढला आणि टाकीत हात घातला. मृणाल, चाळीस वर्षं मी भाताची बेणणी केली आहे, पिकातलं तण उपटत आलोय. हात चालू लागले की डोकं विचारावं लागत नाही. विनेशने बाजारातून आणलेलं हिरवं रोप ओळीत उभं होतं, पिकासारखं. त्याच्या मधेमधे शिरलेलं ते लाल मी मुळासकट उपटत गेलो आणि अंगणाच्या गडग्यावर फेकत गेलो, बांधावर फेकतो तसं. वर चहा करून प्यालो, टाकी किती स्वच्छ दिसते ते बघत. मग भिंतीला टांगलेला त्याचा चिमटा दिसला. धावत गेलो तोवर उन्हात सगळ्याचे दोरे झाले होते. तरी परत रोवले. चार दिवसांत कुजले.

तुळशीला मी सांगितलं, उजेड कमी पडला की लाली उतरते, विनेशच सांगायचा ना. तिने ते खरं मानलं. आता दिवसभर टाकीचा दिवा लावून ठेवते, पागोळ्यांचं पाणी तांब्याने घालते, पोराशी बोलावं तशी त्या बाजारच्या रोपाशी बोलते. रोज सकाळी मला विचारते, लाली आली काय वो? मी म्हणतो, येतेय. दिवाळीनंतर तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय. ते लांबावं असं माझ्या मनात येतं, आणि स्वतःची किळस वाटते.

रविवारी तू रोप न्यायला येणार. नवी जात ठरली तर त्याला विनेशचं नाव मिळेल म्हणालीस, तेव्हापासून तुळशी साऱ्या गावाला सांगत सुटली आहे. पोरी, नाव द्यायला काही उरलेलं नाही. तुला ते पहिल्या नजरेत कळेल आणि तुझ्या तोंडून निघून जाईल, म्हणून हे पत्र. तुझी फसवणूक मी करत नाही, पण तुला तिची करायला सांगतोय. तिच्यासमोर त्या हिरव्या रोपाचा शेंडा खुड, ओल्या कागदात नीट गुंडाळ, पिशवीत ठेव. ती तुलाही विचारेल, लाली आली काय गं? तू हो म्हण.

तुझाच,
धर्माकाका