जात्यातली मूठ

सासूबाई, उद्या सकाळी घर बंद करून मी मुंबईला निघते आहे, मुलाकडे. तो आणि सून कालच न्यायला आलीत. दोघं आत सामान बांधतायत आणि मला कशाला हात लावू देत नाहीत, म्हणून पडवीत बसून हे लिहिते. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मी विसरलेली नाही. ह्यांची पत्रं यायची तुमच्या नावानं आणि वाचून दाखवायची मी. त्यात एखादी ओळ माझ्यासाठी असली की मी ती गिळून पुढे जायची, आणि तुम्ही सुपातल्या तांदळावरची नजर न काढता म्हणायचात, "मधलं काय ते राह्यलं गो. तेही वाच." आता हे पत्र तुम्हाला वाचून दाखवायला कोण आहे? पण घर बंद करताना तुमच्याशी बोलल्याशिवाय मला ते जमायचं नाही. घर बंद करणं हे मी तुमच्याकडूनच शिकले.

लग्न होऊन आले त्या सालची गोष्ट. हे मुंबईत एका पेढीवर कारकून, आणि आपण दोघी इथे. भात झोडून झालं, पेंढ्यात बांधलेले भाताचे मुडे माळ्यावर चढले, की तुम्ही मला घेऊन आगबोटीनं मुंबईला जायचात. पोराच्या पोटात दोन महिने घरचं अन्न पडावं म्हणून. शिमग्याच्या आत परत. त्या निघण्याची तयारी आठवडाभर चालायची. लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला फडक्याचे दादरे बांधायचे, तांब्याची भांडी पालथी घालायची, गाय शेजारच्या काकूंच्या गोठ्यात नेऊन बांधायची, तुळशीवर बुडाला भोक पाडलेलं मडकं टांगायचं आणि त्यात रोज पाणी घालायला काकूंना बजावायचं. शेवटी देव. डब्यात तांदूळ भरून तुम्ही एकेक देव त्यात निजवायचात आणि लहान मुलांना सांगावं तसं सांगायचात, "आम्ही येईस्तो ह्यावर भागवा. कुरकुर करू नका." मला हसू यायचं. तुम्ही मात्र हसत नव्हतात.

मी माहेरची शिस्तीची. जात्यात दाणा राहिला की उंदीर होतात, हे आईनं मनावर ठसवलेलं. निघायच्या सकाळी बघते तर जात्यात तांदळाची मूठ तशीच, अर्धवट भरडलेली, खुंटाही ठोकलेलाच. म्हटलं, सासूबाईंची नजर चुकली. मी बसून सगळं दळून काढलं, जातं फडक्यानं लख्ख पुसलं, खुंटा काढून कोनाड्यात ठेवला आणि आता शाबासकी मिळणार म्हणून गाडीत चढल्यावर तुम्हाला सांगितलं. गाडी तेव्हा पाणंद ओलांडून रस्त्याला लागली होती. तुम्ही गाडीवानाला थांबवलंत, खाली उतरलात आणि घराकडे चालायला लागलात. मी मागून धावले. कुलूप काढलंत, माळ्यावरून मूठभर तांदूळ आणलेत, खुंटा ठोकलात, जात्यात घास टाकून एकच फेरा फिरवलात आणि हात झटकून उठलात.

"अगो, घर सोडून जाताना काहीतरी हातचं अर्धं टाकून जावं," तुम्ही म्हणालात. "सगळं संपवून, पुसून गेलीस तर घराला वाटेल ह्यांचं इथलं काम झालं. मग ते आपल्याला परत कशाला बोलावील?"

"पण उंदीर होतील ना."

"होऊ देत. उंदीर खाऊन खाऊन मूठभर खातील. तुझी आई हुशार असेल हो, पण तिला घर बंद करून जायची वेळ आली नसेल."

आईवर बोललात ते मला लागलं. बंदरावर पोचलो तेव्हा आगबोट खोल पाण्यात उभी होती आणि तिच्यापर्यंत नेणारा शेवटचा पडाव माणसं भरून सुटायच्या बेतात होता. पडावाच्या तांडेलानं तुम्हाला ओळखून शिव्या घातल्या, तुम्ही त्याला दुप्पट घातल्यात, आणि आपण गुडघाभर पाण्यातून चढलो. लुगडी भिजली ती मुंबईपर्यंत वाळली नाहीत. परत आलो तेव्हा ती मूठ तुम्ही मला दळायला लावलीत, तेवढ्याच पिठाचं एवढंसं घावन घातलंत आणि आधी माझ्या पानात वाढलंत. उंदीर झाले नव्हते. तेव्हापासून दर वर्षी निघताना ती मूठ मीच टाकू लागले.

मग ह्यांना मुंबईत खोली मिळाली. स्वतंत्र, स्वयंपाकाला वेगळी जागा असलेली. मुलगी चार पावलं टाकू लागली होती. ह्यांनी पत्रात लिहिलं की सर्वांनी कायमचंच इकडे यावं, आणि ती ओळ मी न गिळता वाचली. माझं मन किती उड्या मारत होतं ते काय सांगू. नवऱ्याचं तोंड वर्षातून दोन महिने बघणारी बाई मी. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तू जा. मी नाही यायची. मला ते नळाचं पाणी बाधतं." तुम्हाला काही बाधत नव्हतं, दगड पचवाल अशा होतात. पण मीही आग्रह धरला नाही. तुमच्या धाकातून सुटायची घाई मलाही होतीच. मग तुम्ही माझी बांधाबांध करायला घेतलीत. कुळथाचं पीठ, आंबोशी, फणसाची साठं, सांडगी मिरच्या, पोरीचं पोट दुखलं तर उगाळायला वेखंड. प्रत्येक पुरचुंडी माझ्या हातात देऊन, ती कशी टिकवायची ते सांगून, मग बांधायची. "तिकडे हवा दमट. उन्हं दाखवीत जा. खोलीत ऊन येतं की नाही ते त्याला विचारलंस?" मी विचारलं नव्हतं.

आणि ती निघायची सकाळ. मी सवयीनं मूठभर तांदूळ घेऊन जात्यापाशी गेले. घास घातला, एक फेरा फिरवला, उठणार तोच तुम्ही समोर येऊन बसलात.

"आज काही ठेवायचं नाही. दळून काढ सगळं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "पण तुम्हीच म्हणता ना..."

"मी सांगत्ये ना? फिरव."

खुंट्यावर माझ्या हाताखाली तुमचा हात होता. आपण दोघींनी ती मूठ शेवटच्या दाण्यापर्यंत दळली. तुम्ही पीठ गोळा केलंत, जातं फडक्यानं पुसलंत, आणि खुंटा उपटून बाजूला ठेवलात. माझ्याकडे पाह्यलंतसुद्धा नाही. सासूबाई, त्या वेळी तुम्ही मला थोबाडीत मारली असतीत तर बरं वाटलं असतं. मी काय समजायचं? ज्या बाईनं मूठभर तांदळासाठी आगबोट चुकवायची तयारी ठेवली होती, तिनं माझ्या देखत जातं रिकामं केलं. म्हणजे या घरातलं माझं काम संपलं. परत येऊ नकोस. बंदरापर्यंत तुम्ही आलात, पोरीच्या हातात खोबऱ्याचा तुकडा दिलात, मला म्हणालात, "पदर सांभाळ, वारा आहे." एवढंच. आगबोटीवर मी रात्रभर रडले आणि मनात गाठ मारून टाकली.

ती गाठ मी जपली. पत्रं लिहायची ती कामापुरती. पोरगा झाला, ते कळवलं. दर वर्षी हे म्हणायचे, जाऊन येऊ, आणि दर वर्षी मी काहीतरी कारण काढायची. मग श्रावणात तुम्ही गेल्याची तार आली. बंदर बंद, आगबोटी नाहीत. हे एकटेच रेल्वेनं कोल्हापुरास गेले, तिथून मोटारीनं घाट उतरून पालीवरून घरी पोचले, तोवर शेजाऱ्यांनी सगळं उरकलं होतं. पोरगा अंगावर पिता, मला जाता आलं नाही. मी आले ती आगबोटी सुरू झाल्यावर. काकूंकडून किल्ली घेतली आणि आत शिरले.

जात्यात मूठ होती. तांदूळ कीड लागून पोकळ झालेले, थोडे भरडलेले, बाकीचे तसेच. खुंटा ठोकलेला. हे येऊन, राहून, दिवस करून गेले होते, पण पुरुषमाणूस जात्याकडे कशाला बघेल. मी तिथंच बसले. काकू मागून आल्या.

"तू गेलीस त्या दिवसाची आहे हो ती," त्या म्हणाल्या. "बंदरावरून आली ती पाय न धुता जात्याशी गेली. मूठ टाकलीन, फेरा फिरवलान. त्यानंतर त्या जात्याला हात लावला नाही तिनं. दळायला माझ्याकडे यायची."

मी विचारलं, "मग मला का टाकू दिली नाही?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणते कशी, सुनेच्या हातानं ठेवली असती तर तिचा जीव तिकडे लागला नसता. एक पाय इथं नि एक तिथं, असा संसार होतो का? तिला रुजू दे. ओढ लागायची ती मला लागू दे."

मी रडले नाही. मला राग आला, खरंच सांगते, असा आला की ते जातं उचलून अंगणात फेकावं. सांगायला काय झालं होतं तुम्हाला? एक वाक्य! साऱ्या बारीकसारीक पुरचुंड्यांचं सांगितलंत, वेखंडाचं सांगितलंत, आणि हे तेवढं पोटात ठेवलंत. मी एक वर्ष जरी आले असते तरी ती मूठ तुमच्या देखत दळली असती, आणि तुम्ही घावन घातलं असतंत. मग समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत मी ती दळली. पीठ खाण्याजोगं नव्हतं. तुळशीपाशी मुंग्यांना घातलं.

हे निवृत्त झाल्यावर आम्ही इथेच येऊन राहिलो. आता हेही नाहीत. मुलगा म्हणतो, एकटी कशी राहशील, आणि त्याचं चुकत नाही. मी सगळ्यांना सांगितलंय की मी आनंदानं जाते आहे. सकाळी शहाण्या बाईसारखं जातं पुसून, खुंटा काढून ठेवला. तुम्ही माझ्यासाठी केलंत तेच स्वतःसाठी करावं म्हटलं, म्हणजे तिकडे जीव लागेल, सुनेला माझ्या उसाशांचा त्रास होणार नाही. पण सासूबाई, मला जायचं नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते आहे.

इथवर लिहून मघाशी उठले. मूठभर तांदूळ घेतले, खुंटा कसाबसा बसवला, घास घातला. फिरवायला गेले तर जातं हलेना. हातात जोरच राहिला नाही. तशीच बसून राहिले. सून दोरी शोधत आत आली, तिनं पाह्यलं, समोर बसली आणि माझ्या हाताखाली खुंट्याला हात घातला. एक फेरा झाला. मी म्हटलं, पुरे.

"एवढंच?" ती म्हणाली. "अजून दळलं कुठे?"

"राहू दे. आल्यावर दळू."

ती हो म्हणाली आणि दोरी घेऊन गेली. आल्यावर म्हणजे कोण आल्यावर, आम्ही दोघी की माझ्यामागे ती एकटी, हे मात्र मी तिला सांगितलं नाही.