रुचाची बॅग आणि बोका

मंगळवार, संध्याकाळ

बोका आज परत सुनेच्या ऑफिसच्या बॅगेवर मुतला. मी तणतणत फिनेल काढलं, तर रुचा म्हणाली, "आई, फिनेल नको. नेरूळचे डॉक्टर म्हणाले ना, आपण त्याचा वास घालवतो म्हणून तो परत येऊन मुततो. घरात नवीन माणूस आलं की बोके घाबरतात. राग नसतो तो."

नवीन माणूस म्हणजे तीच. लग्नाला दोन महिनेही झाले नाहीत. बॅग स्वतःच नुसत्या पाण्याने धुतली बिचारीने.

बाटली ठेवायला स्वयंपाकघरात गेले. रुचा रोज सकाळी मसाल्याचे डबे खिडकीपाशी मांडते. मी रोज दुपारी ते उचलून परत माझ्या जागी, गॅसशेजारी ठेवते. आजही ठेवले होते.

राग नसतो तो, म्हणाली. बोक्याबद्दलच बोलत होती ना?