चिमणीखालचं मीठ

बाबा, आज पुन्हा सेल उघडला आणि आत मीठ. तुझ्या वाफ्यात धरायचं तसंच, कडेकडेनं, पांढरं. रोह्याच्या एका कंपनीच्या आवारात, बॉयलरच्या चिमणीखाली बसलेय. पावसाळ्यात पेणचं मिठागर बंद झालं की तू अशाच बॉयलरवर कोळसा ओढायला यायचास. मी रसायनशास्त्र घेतलं तेव्हा हसला होतास. "धुरातनं काय निघतंय गो? खोकला." आणखीही निघतं, बाबा. धुरातला कार्बन डायऑक्साइड आम्ही या सेलमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या बंद पेटीत, एका पातळ काळ्या पडद्यामागून सोडतो, पुढून क्षारांचं पाणी वाहतं, वीज दिली की त्या वायूचं फॉर्मिक आम्ल होतं. कातडी कमावायला, रबराचा चीक गोठवायला लागतं ते. सकाळभर छान चालतं. मग पडद्याच्या बारीक छिद्रांत हे मीठ धरतं, वायूची वाट बुजते आणि सगळं थांबतं.

लहानपणी मी वाफ्यावर धरलेली मिठाची पहिली साय काठीनं ढवळली होती. तू लांबून ओरडलास, "फोडू नको गो, धरू दे. आता कुठं येतंय." मी रुसून बांधावर बसले. तू समजूत काढली नाहीस, नुसता येऊन शेजारी टेकलास, चिखलाचे पाय उन्हात पसरून. आता मी दिवसभर उलटंच म्हणते आहे, धरू नको, धरू नको. मधेमधे वीज थांबवून धुतलं तर ते विरघळतं, पण तेवढ्यानं भागत नाही. दुपार झाली की पुन्हा हेच.

उद्या पैसे देणारे पाहुणे येणार आहेत. त्यांना पटलं नाही तर हे काम बंद, माझ्या हाताखालच्या दोन मुली घरी, आणि माझी इतकी वर्षं इथंच, या चिमणीखाली. इथला मॅनेजर आपल्या पेणजवळच्या कासूचा, मला घरचे वाल आणून देतो, मनानं चांगला आहे. म्हणाला, "मॅडम, पाव्हणे जेवणापर्यंतच हायत. सकाळचं दाखवा की. दुपार कोण बघतंय?" मला हे आधीच सुचलेलं होतं, म्हणून त्याचा जास्त राग आला. आवारात फेऱ्या मारल्या, चहा गार केला, शेवटी त्याला सांगितलं की पाहुण्यांना संध्याकाळपर्यंत थांबवा, बंद पडलेला सेल मी त्यांच्यासमोर उघडणार. "मग संपलंच समजा, मॅडम." म्हटलं, समजा. तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

आपल्या घरात मीठ कुणी कुणाच्या हातात देत नसे. आई वाटी जमिनीवर ठेवायची, घेणाऱ्यानं उचलायची. मी वसतिगृहात निघाले त्या दिवशी तू मात्र एक खडा सरळ माझ्या तळव्यावर ठेवलास. आई चुलीपासून ओरडली, "हातात कशाला देतस? भांडान व्हईल."

"व्हऊ दे. भांडायला तरी घरी येल."

त्याच पावसाळ्यात तू गेलास. भांडण राहूनच गेलं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगते. मघाशी सेल धुण्याआधी मी हातमोजा काढला आणि त्यातलं चिमूटभर मीठ तळव्यावर घेतलं. पण भांडायला काही सुचलं नाही.