रामदासरावांचा घरमालक

५ जानेवारी, रविवार
हेमाच्या थोरल्या बहिणीकडे, नम्रताकडे, कोथरूडला जेवण. जेवताना तिच्या यजमानांचा, म्हणजे माझे साडू रामदासराव यांचा फोन टिंग वाजला. फोन मुद्दाम बासुंदीच्या पातेल्याला टेकवून ठेवलेला. वाकडच्या फ्लॅटचं भाडं आलं म्हणाले. पाच मिनिटांनी परत टिंग. दुसऱ्या फ्लॅटचं. मी सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतोय. माझा फोन फक्त वीजबिल भरा म्हणून वाजतो.

परत येताना हेमा स्कूटरवर मागून म्हणाली, भाऊजींचं बाई कसं सगळं प्लॅनिंग असतं. मी खड्डा चुकवला नाही.

मला हेवा वाटत नाही. नोंद एवढ्यासाठीच की दिवाळीच्या आत मीही घरमालक होणार.

६ जानेवारी, पहाटे
झोप नाही. बासुंदी बाधली असावी.

२६ जानेवारी
झेंडावंदन उरकून ‘झोपेत कमवा’ नावाच्या मोफत सेमिनारला. वक्ता माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा. म्हणाला, पैशाला कामाला लावा, स्वतः आराम करा. माझ्या शेजारचा माणूस खरोखरच झोपला होता. तो काही कमवेल असं वाटलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
एजंट सूरजबरोबर वाघोलीच्या पुढे वन बीएचके बघितला. सातवा मजला. बाल्कनीतून शेत आणि दोन म्हशी दिसतात. रामदासरावांच्या बाल्कनीतून समोरच्याची बाल्कनी दिसते. सूरज म्हणाला, काका, इकडे सगळं येतंय. हेमानं विचारलं, पाणी येतं का? तो म्हणाला, तेही येतंय.

हेमाला व्हिजन नाही. पण तो तिचा दोष नाही, घराणंच तसं.

३० मार्च, गुढीपाडवा
चावी हातात! गुढी उभारली आणि आधी रामदासरावांना फोन लावला. वा वा म्हणाले. मग म्हणाले, पण एवढ्या लांब भाडेकरू मिळतात का हो? म्हणजे जळले. आवाजातच कळतं. काही लोकांना दुसऱ्याचं बरं बघवतच नाही.

कर्जाचा हप्ता पगाराच्या निम्म्याहून जास्त. चिंता नाही. हप्ता भाडेकरूच भरणार आहे.

१३ एप्रिल
भाडेकरूंच्या मुलाखती. मांसाहार नाही, भिंतीला खिळा नाही, नवाच्या पुढे मिक्सर नाही, मुक्कामाचा पाहुणा नाही. एवढंच. आयटीतलं एक नागपूरचं जोडपं आलं. मुलगा चुणचुणीत होता, पण खिळा नाही तर घड्याळ कुठे लावणार असं त्यानं उलट विचारलं. दहापैकी चार. मग तीन बॅचलर आले. त्यांना तोंडी परीक्षेलाच बसवलं नाही.

सूरज म्हणाला, काका, तुम्हाला भाडेकरू पाहिजे की जावई?

उद्धट आहे. पण दुसरा एजंट शोधायचा म्हणजे पुन्हा व्याप.

१५ जून
फ्लॅट रिकामाच. अटी दोनवर आणल्या. आता अटी ऐकायलाही कोणी येत नाही. हेमानं यंदा आंब्याची दुसरी पेटी आणली नाही. काही बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.

नम्रताकडे मात्र तिसरी पेटी, हे हेमानं न विचारता सांगितलं.

२२ जून
युक्ती सुचली! सूरजच म्हणाला की सदाशिव पेठेत अभ्यासिका, क्लास, दवाखाने, त्यामुळे आमच्या राहत्या घराला उद्या सकाळी गिऱ्हाईक येईल. मग आपणच वाघोलीला जायचं आणि हे घर भाड्यानं द्यायचं! इतकी साधी गोष्ट सेमिनारवाल्याला सुचली नाही.

हेमाला मोकळ्या हवेचे फायदे समजावले. दोन दिवस बोललेली नाही. म्हणजे विरोध नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी
आजचा दिवस सोन्याचा.

रामदासरावांचा फोन. त्यांची कोथरूडची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय. इमारत पाडून नवी बांधणार. वाकडचे दोन्ही फ्लॅट भाडेकरूंनी अडवलेले. तीन वर्षं राहायला जागा हवी. आणि मग, खालच्या आवाजात, तुमचं पेठेतलं घर रिकामं होतंय असं ऐकलं.

रामदासराव. मला. विचारत होते!

विचार करून सांगतो म्हटलं. जरा तिष्ठू दे म्हटलं. साबुदाण्याची खिचडी खाऊन झाल्यावर फोन करून हो सांगितलं.

सूरज हातापाया पडत होता की क्लासवाले दीडपट द्यायला तयार आहेत. त्याला काय कळणार. दीडपट भाडं कोणीही देईल. साडूचं घरमालकपण रोज कुठे मिळतं? रामदासरावांनी मागायच्या आतच मी भाडं कमी केलं. डिपॉझिटही नको म्हटलं. मालकानं मोठ्या मनाचं असावं.

१८ जुलै
करार झाला. माझ्या नावापुढे मालक, त्यांच्या नावापुढे भाडेकरू. मी तो कागद हेमाला मोठ्यानं वाचून दाखवला. तीन वर्षं कोणालाच मोडता येणार नाही असं कलम मी हट्टानं घालून घेतलं. उद्या त्यांना उपरती होऊन दुसरीकडे गेले तर? सूरज म्हणाला, काका, त्यांचा बिल्डर त्यांना... मी त्याला गप्प केलं. कौटुंबिक बाब आहे.

५ ऑगस्ट
टिंग! रामदासरावांचं भाडं. फोन आमटीच्या पातेल्याला टेकवून ठेवला होता. हेमानं तो उचलून ओट्यावर ठेवला, म्हणाली, शिंतोडे उडतील.

वाघोलीहून शाळेत रोज स्कूटर परवडत नाही, म्हणून दोन बस. पहिल्या तासाला रोज उशीर. सकाळी टँकर आला की सगळी इमारत बादल्या घेऊन खाली. व्यायाम होतो.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
रामदासरावांनी गणपती आमच्या हॉलमध्ये बसवला. सगळे नातेवाईक तिकडेच, मानाचे गणपती चालत बघता येतात म्हणून. जो तो म्हणत होता, रामदासराव, काय मोक्याची जागा पकडलीत! मी तीनदा सांगितलं की घर माझं आहे. प्रसाद घ्या म्हणाले.

१४ सप्टेंबर, रविवार
हेमाकडून कळलं. तिला नम्रतानं सहज सांगितलं, उडदाच्या पापडाबद्दल सांगावं तसं.

रिडेव्हलपमेंटमध्ये नवी इमारत होईपर्यंत प्रत्येक सभासदाचं भाडं बिल्डर देतो. कोथरूडच्या दरानं. रामदासराव मला देतात त्याच्या दुप्पट. निम्मं मला पाठवतात, निम्मं खिशात घालतात. म्हणजे हा माणूस माझ्या घरात, माझ्या पंख्याखाली, पाय पसरून बसतो, आणि त्याचे त्याला दरमहा पैसे मिळतात! माझ्या घरावर माझ्याइतकंच तेही कमावतात. शिवाय घरात राहतात ते वेगळंच!

अंगाचा तिळपापड झाला. वाटतो, हेवा वाटतो. लिहूनच टाकलं.

१५ सप्टेंबर
ठरलं. घराबाहेर काढणार. मालक मी आहे.

रात्री
तीन वर्षांचं कलम. सूरजला विचारलं. तो फोनवर बराच वेळ खोकत राहिला. बहुधा हसत असावा.

१२ ऑक्टोबर, रविवार
हेमा फराळाला मदत म्हणून चार दिवस नम्रताकडे गेली. म्हणजे आमच्याच घरी. जाताना चाळणीपासून चकलीच्या साच्यापर्यंत सगळं नेलं, आणि हिवाळ्याची शाल. म्हटलं, चार दिवसांत कुठला हिवाळा? बघू म्हणाली.

फायदा बघितला पाहिजे. एका माणसाला तीन बादल्या पुरतात.

१८ ऑक्टोबर
चकल्या अजून व्हायच्या आहेत म्हणे.

२२ ऑक्टोबर, दिवाळी पाडवा
दुपारी जेवायचं आमंत्रण होतं. सवयीनं खिशात किल्ली चाचपली, ती दिलेली. बेल वाजवली. दार रामदासरावांनी उघडलं. या या दीनानाथ, म्हणाले, संकोच करू नका, आपलंच घर समजा. मी चपला कुठे काढायच्या ते विचारलं.

जेवण उत्तम. हेमानं ओवाळलं. तिचा चेहरा उजळलेला, खूप महिन्यांनी. रोज सकाळी नम्रताबरोबर सारसबागेत चालायला जाते. नळाला दोन वेळा पाणी. रामदासरावांनी काहीतरी फालतू विनोद केला, त्यावर ती खळखळून हसली. मी कढीवर लक्ष ठेवलं.

जेवणानंतर तिला बाजूला घेऊन, हळूच, आज येतेस ना, असं विचारलं. आवाज जरा खाली गेला माझा. ती डबा भरायला आत गेली. एकच डबा.

निघताना दोघी बहिणी दारात उभ्या होत्या. हेमानं डबा हातात दिला आणि म्हणाली, सावकाश जा हं, घरी पोचलात की फोन करा.