चौथं भोक

दि. ६ मार्च

चि. छोटूस,
अ. उ. आ.

तू मागितलेले दिव्याच्या घंटेचे दोन्ही नकाशे पाठवते आहे, बोर्डाच्या वरच्या बाजूचा आणि खालच्या बाजूचा. खोलीवर करून बघायची हौस आली म्हणतोस, म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला! इथे होतास तेव्हा नुसता चहा ढोसत बसायचास. दोन्ही कागद खिडकीच्या उजेडासमोर धरून भोकावर भोक आणायचं, कडा चिकटवून पाकीट करायचं, आत तांब्याची पाटी सरकवायची आणि मग वरून इस्त्री, म्हणजे नकाशाच्या रेघा तांब्यावर उतरतात. कागद जरासा हलला तरी मेहनत पाण्यात.

थाप पडली की दिवा लागतो, त्यामुळे आई आता दाराला डोळे लावून बसत नाही. कान गेले तरी पाहुणे चुकत नाहीत म्हणते. अशा घंटा करून विकायचं माझ्या मनात आहे. इतक्यात कुणाला बोलू नकोस.

जेवत जा वेळेवर, आठवण ठेव.
तुझी ताई

दि. २० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईसाठी पेटी पाठवतो आहे. आमच्या कंपनीने नवीन काढली. थाप पडली की दिवा लागतो. कल्पना थोडीफार तुझ्यासारखीच, पण हल्ली असं सगळीकडेच निघतं. साहेब खूष आहेत, मला बढती मिळाली. गडबडीत आहे, जास्त लिहीत नाही.

आईला नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा छोटू

दि. २ सप्टेंबर

छोटू,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

आईने माझी घंटा भिंतीवरून काढायला लावली. तुझी पेटी गुळगुळीत, शिवाय लेकाने पाठवलेली. मी काढली. तुझी लावताना सवयीने उघडून पाहिली. बोर्डाच्या कोपऱ्यात जुळवणीची तीन भोकं आणि शेजारी चौथं, ज्यातून काहीच जात नाही. तांब्याची रेघ त्याला वळसा घालून गेली आहे.

ते चौथं माझी चूक आहे. पहिल्या बोर्डाच्या वेळी दारावर थाप पडली, मी वळून बघितलं आणि ड्रिल भलतीकडेच उतरलं. पाटीचा तेवढाच तुकडा उरला होता, म्हणून नकाशाच बदलला. ही चूक दुसऱ्या कुणाला कशी सुचेल?

आता मी घंटा विकायला काढली तर लोक तुमच्या पेटीची नक्कल म्हणतील. परक्याने चोरलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू केसाने गळा कापलास रे.

ताई

दि. १५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साहेबांनी नकाशे पाहून कुणाचे म्हणून विचारलं. माझेच, असं तोंडून निघून गेलं. मग मागे फिरता येईना. त्यांनी चौथ्या भोकाचंही विचारलं. मला कुठे ठाऊक होतं? हवा खेळायला ठेवलंय, असं ठोकून दिलं. त्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

आईला कळू देऊ नकोस, एवढं कर. लोभ मागायला तोंड उरलं नाही.
छोटू

दि. ९ ऑक्टोबर

रा. रा. इंजिनिअरसाहेब यांस,
स. न. वि. वि.

आपली पेटी परवा बंद पडली. मी कामावर होते. मावशी दार ठोठावून परत गेली, आई दिवसभर हळहळत होती. रात्री मी पेटी उघडून सुटलेलं सोल्डर पक्कं केलं. दिवा लागला तशी आई हरखली. माझ्या लेकाच्या हाताला यश आहे, म्हणाली, आणि हे तुला आठवणीने लिहायला सांगितलं.

लिहिलं.

आपली,
दुरुस्तीवाली