ओल्या हातांची मीटिंग

प्रिय सिग्रिड,

व्हिडिओवर सांगितलं असतं, पण तिथे माझं वाक्य संपायच्या आत तू उत्तर देऊन मोकळी होतेस. म्हणून लिहितेय. आई बरी आहे. तुझी सायकल मी वापरते, तिचा ब्रेक आता नीट लागतो. बंदरावर वारा आहे, म्हणजे नेहमीचंच. आणि बर्फघर कलाकेंद्राच्या बोर्डावर मी अजून आहे. पुढेही राहीन की नाही ते पत्राच्या शेवटी कळेल. गुरुवारी माझ्या कार्यक्रमावर मतदान आहे.

तू ओडेन्सला गेल्यापासून बर्फघर बरंच बदललंय. अर्धं बोर्ड आता खरोखर पंचविशीच्या आतलं आहे. पूर्वी आम्हा पोरांना बोलवायचे, सूप पाजायचे आणि फोटो काढायचे. आता नाटकं कुठली घ्यायची, हॉल कुणाला द्यायचा, यात आमचंही मत धरतात. मला हे फार आवडतं, अगदी खरं सांगते. म्हणूनच शरदातल्या महोत्सवाची पहिली संध्याकाळ मी मागितली. सगळा कार्यक्रम आम्हा बहिऱ्यांच्या खुणांच्या भाषेत, आणि ऐकू येणाऱ्यांनी कानाला यंत्र लावून दुभाष्याचं ऐकायचं. एकदा तरी विनोदावर उशिरा हसायची पाळी त्यांची येऊ दे! हेन्रिएटा टाळ्या पिटत म्हणाली, "काय सुंदर कल्पना! पुढच्या मीटिंगला नक्की करून टाकू." बर्फघर ती चालवते, त्यामुळे मी ते खरं धरलं.

तुझ्या जागी आता नगरपालिकेचा दुभाष्या कार्स्टन येतो. उंच, गंभीर माणूस. त्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही. मीटिंग संपली की टोपी घालतो आणि बस पकडतो. मग बाकीचे बोर्डवाले सूप पितात, आणि मग भांडी. हेन्रिएटा अजूनही भांड्यांचं मशीन घेऊ देत नाही. "मशीन आलं की माणसं घरी जातात," म्हणते आणि बाह्या वर सारते. ती आणि विलाड्स घासतात, होदान विसळते, मी पुसते. छान वाटतं तेव्हा. सगळे एकमेकांना खेटून उभे, खिडकीवर वाफ.

तर त्यानंतरच्या मीटिंगमध्ये हेन्रिएटा म्हणाली, पहिली संध्याकाळ विलाड्सच्या बँडला, लिवाचा कार्यक्रम रविवारी सकाळी, हे आपलं ठरलंच आहे. मी विचारलं, कधी ठरलं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी होदान म्हणाली, "अगं, भांडी घासताना." लपवाछपवी काहीच नव्हती, तेच तर! त्यांना खरंच वाटलं होतं की मी त्यात आहे. विलाड्स म्हणाला, "तू हसत होतीस की!" मी हसत होते कारण त्याच्या नाकावर साबणाचा फेस होता. ते मी सांगितलं, तर तो नाक पुसायला लागला. आठवडा उलटून गेल्यावर!

हेन्रिएटाचे डोळे भरून आले. मग तिला कसं वाटतंय यावर बराच वेळ गेला, तुला माहितीय ती. विलाड्स म्हणाला, ठीक आहे, मशीन आणू, विषय मिटला. मी म्हटलं, मशीन नको, मला भांडी पुसायला आवडतं. पण माझ्या दोन्ही हातांत बशी असते तेव्हा मी मुकी असते. तुमच्या तोंडात बोळा कोंबून तुमचं मत विचारलं तर? हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या मीटिंगा झाल्या, सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हणून भिंतीवर रंगीत कागद चिकटवून झाले, आणि हात ही गोष्ट कुणाला सुचली नाही. मलाही तोपर्यंत शब्दांत सांगता आली नव्हती.

मग असं ठरलं की सिंकपाशी बोललेलं टेबलापाशी परत बोलल्याशिवाय धरायचं नाही. विलाड्स म्हणाला, "म्हणजे मी सिंकपाशी कुणाला 'तू मला आवडतेस' म्हटलं तर तेही धरायचं नाही?" होदान म्हणाली, "तुझं तर टेबलापाशीही कुणी धरत नाही, बाबा." कार्स्टननं हे सगळं मला जसंच्या तसं सांगितलं, चेहरा तोच, त्यामुळे मला दुप्पट हसू आलं. पहिल्या संध्याकाळसाठी गुरुवारी मतदान घ्यायचं ठरलं. बँडला अर्थातच ती सोडायची नाहीये. विलाड्स मला येऊन स्पष्ट म्हणाला, "मी तुझ्या विरुद्ध मत देणार आहे." मला इतकं बरं वाटलं! आजवर माझ्या विरुद्ध तिथे कुणी मतच दिलं नव्हतं. माझ्याशी सगळे नुसते गोड वागायचे.

आणि मीटिंग उठता उठता हेन्रिएटाला तुझी आठवण आली. "सिग्रिडलाच परत बोलवू या, रीतसर नोकरी देऊन. तिला लिवाचं सगळं कळतं आणि ती भांड्यांनाही थांबते." सगळ्यांनी टाळ्यांऐवजी आमच्या पद्धतीनं हात वर करून हलवले. मी हलवले नाहीत. या आठवड्यात ती तुला फोन करेल. तुला घरी यायचंय हे मला माहीत आहे, ओडेन्स तुला मानवलं नाही तेही. पण सिग्रिड, तू असायचीस तेव्हा सगळे तुझ्याकडे बघून बोलायचे. "तिला विचार ना," म्हणायचे. मी एखाद्या गोष्टीला मूर्खपणा म्हणायचे आणि समोर कुणाचाच चेहरा पडायचा नाही, उलट माना डोलायच्या. तू काय सांगत असशील ते मला ऐकू आलं नाही, पण दिसत होतं. माझं बोलणं तू मऊ करायचीस, प्रेमानंच. कार्स्टन मूर्खपणाला मूर्खपणा म्हणतो. या खेपेला हेन्रिएटाचा चेहरा पडला, आणि मग ती पहिल्यांदा माझ्याशी भांडली. माझ्याशी! गुरुवारी मी बहुतेक हरेन. मला ते माझं मी हरायचंय, आणि हरल्यावरही त्याच खुर्चीत बसायचंय. तू तिथे असलीस तर सगळे पुन्हा गोड होतील, आणि मग मात्र मी राहणार नाही. म्हणून तिचा फोन आला की नाही म्हण. घरी ये, जरूर ये, पण त्या नोकरीसाठी नको. आणि तिनं कारण विचारलं तर माझं सांगू नकोस, तुझं काय असेल ते सांग. माझं मी सांगेन.

तुझीच,
लिवा